चौकातला खेळ आणि वरचा सज्जा: एका जादूच्या कार्यक्रमाच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

काम पक्कं झालं. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाड्याच्या गणपतीत, शनिवारी ३० ऑगस्टला, आरतीनंतर पाऊण तास. मंडळाचे चिटणीस फोनवर म्हणाले, "ताई, तुमचं ते पत्त्यांचं करा की." पत्त्यांचं तिथे चालायचं नाही असा अंदाज होताच, तरी संध्याकाळी जाऊन जागा बघून आले.

वाडा दुमजली. मधे फरशीचा चौक, तीन बाजूंना वर लाकडी सज्जा, चौथ्या बाजूला गणपती. म्हणजे बघणारे समोर, डावीकडे, उजवीकडे आणि डोक्यावर. सज्जातून खाली उभ्या माणसाचे तळहात, टेबलाची मागची कड, उघडी पेटी, सगळं दिसतं. हातचलाखीची बहुतेक पुस्तकं प्रेक्षक समोर खुर्च्यांवर बसलेत असं धरूनच लिहिलेली असतात. आणि हातातला पत्ता बदामाचा की चौकटचा, हे वरून कुणाला कळणारही नाही.

माणसं चार. रावपुऱ्यातले काका: गुजराती, बँकेतून निवृत्त, दोर आणि रिंगा. लहानपणी त्यांनी के. लाल यांचा प्रयोग पाहिला, आणि त्यांच्या मते बगसराच्या या कांतिलाल वोरांनंतर जे जे झाले ते सगळे सावकाश. दुसरी, फाइन आर्ट्सची विद्यार्थिनी. पेट्या, पडदे, चित्रं सगळं स्वतः करते. तिसरे उस्ताद. वाढदिवसाचे शो करून घर चालवतात, वडील रस्त्यावर खेळ करायचे. 'उस्ताद' आम्ही आधी चेष्टेने म्हणायचो. चौथी मी, गणिताची शिक्षिका, पत्तेवाली. रविवारी काकांच्या दिवाणखान्यात जमतो. आज देवपोढी अगियारस, म्हणजे आषाढी एकादशी, काकींनी फराळी चिवडा ठेवला होता. मराठी-गुजराती दोन्ही घरांत उपास एकच, वाद फक्त शेंगदाण्यांच्या कुटावर.

९ जुलै, बुधवार

मानधनाचा विषय. चिटणिसांचं म्हणणं, "आपल्याच माणसांचं आहे, पैशाचं काय?" आमच्यातल्या तिघांना पैशाची गरज नाही हे खरं. पण उस्तादांना आहे. हौशी लोकांनी फुकट खेळ केले की पुढच्या वेळी त्याच मंडळाला व्यावसायिक माणूस महाग वाटायला लागतो. उस्ताद हे कधी तोंडाने बोलले नाहीत, बोलणारही नाहीत. मी चिटणिसांना सांगितलं, उस्तादांचा वाढदिवसाच्या शोचा जो दर आहे तो पूर्ण द्यायचा आणि तो त्यांच्याच हातात द्यायचा. आम्ही तिघं त्यांच्याबरोबर येतोय. दोन दिवस कुरकुर झाली, मग 'चालेल' म्हणाले.

मंडपवाल्याचे पैसे बुडवायची कुणाची हिंमत होत नाही, कलाकाराच्या बाबतीत मात्र सगळ्यांना आपलेपणा आठवतो.

१३ जुलै, रविवार

कार्यक्रमात पत्ते नाहीत, बैठकीत असतातच. या हवेत कागदी पत्ते ओल धरतात, फुगतात, पंखा उघडायला जावं तर चार-चार मिळून सरकतात. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात. काकांनी जुनी झिंक स्टिअरेटची बाटली काढली. ही पावडर चोळली की पत्ते इतके घसरतात की नुसता पंखाच करत बसावंसं वाटतं. पण मग दोन पत्ते एकत्र धरणं अवघड.

उस्तादांना फारो दाखवलं. कॅट बरोबर २६-२६ चा कापायचा आणि दोन्ही गठ्ठे एकात एक, पत्त्याआड पत्ता, असे विणायचे. वरचा पत्ता वर आणि खालचा खाली ठेवून आठ वेळा अचूक विणलं की ५२ पत्ते मूळ क्रमाने परत येतात. हे निव्वळ गणित, लपवण्यासारखं काही नाही. उस्ताद बराच वेळ पत्ते हातात धरून बसले आणि म्हणाले, "दीदी, इसमें झूठ कहाँ है?" झूठ नाहीच म्हटल्यावर त्यांना ते थोडं कमी आवडलं.

मग 'पुन्हा करा' सुरू झालं. एकच खेळ पुन्हा पुन्हा दाखवायचा नसतो हे प्रत्येक जादूगार जाणतो, आणि दुसऱ्या जादूगाराला पुन्हा दाखवायचा आग्रहही प्रत्येकच करतो. हुडिनी म्हणायचा, कुठलीही युक्ती मला तीनदा दाखवा, ओळखून दाखवतो. १९२२ मध्ये शिकागोत डाय व्हर्नन नावाच्या तरुणाने त्याला पत्त्याची एक युक्ती तीनहून जास्त वेळा दाखवली आणि हुडिनीला ती सुटली नाही. काकांना हा किस्सा फार आवडतो. मला त्यातला हुडिनीच जास्त आवडतो: हरत असूनही 'पुन्हा कर' म्हणत राहणारा.

२० जुलै, रविवार

खिसे.

जादूचं कुठलंही पुस्तक उघडा, 'कोटाच्या उजव्या खिशात', 'पँटच्या डाव्या खिशात', 'अस्तराच्या आत'. शतकभराची विद्या पुरुषांच्या कोटाभोवती शिवलेली आहे. साडीला खिसा नाही, कुर्त्याला असला तर रुमालापुरता, तोही मांडीशी, जिथे हात गेलेला अख्ख्या चौकाला दिसतो. आजवर मी टेबलाच्या आधाराने निभावलं. या वाड्यात टेबलामागचं सगळं वरून उघडं, म्हणजे टेबल बाद.

शिंप्याकडे गेले. लांब कुर्ता, वर बिनबाह्यांचं जाकीट. खिसे किती आणि कुठे ते इथे लिहीत नाही. शिंप्याने माप घेताना विचारलं, "बेन, मोबाइल किती ठेवायचेत?"

विद्यार्थिनीला यावरून सोफी लॉइडची गोष्ट सांगितली. लंडनच्या मॅजिक सर्कल या जादूगारांच्या संस्थेत १९९१ पर्यंत बायकांना सदस्यत्व नव्हतं. जेनी विन्स्टनली ही चांगली जादूगार, तिलाही दार बंद. तिने ठरवलं की आत जायचंच, पण स्वतः नाही. सोफी लॉइड या अभिनेत्रीला तिने तयार केलं: रेमंड लॉइड नावाचा तरुण मुलगा. केस, चाल, आवाज, सगळं. हात बायकी दिसतील म्हणून सोफीने हातमोजे घालून हातचलाखी शिकली. मार्च १९९१ मध्ये रेमंड परीक्षा पास होऊन सदस्य झाला. त्याच वर्षी संस्थेने बायकांना प्रवेश खुला केला, तेव्हा दोघींनी खरं सांगितलं आणि सोफीला काढून टाकण्यात आलं. यंदा एप्रिलमध्ये, चौतीस वर्षांनी, संस्थेने तिला बोलावून सदस्यत्व परत दिलं. जेनी ते बघायला नव्हती. ती २००४ मध्ये गेली.

मुलीच्या डोक्यात हातमोजेच अडकले. घरातले लोकरी मोजे घालून पत्ता उलटायला बसली. काका आधी हसले, मग स्वतःही मागून घेतले.

माझ्या डोक्यात जेनी. आपण घडवलेला खेळ दुसरीच्या हातून होताना बघायचा, आणि त्याबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. एवढं जमायला दोघींमध्ये काय प्रतीचा विश्वास असेल!

२७ जुलै, रविवार

आज बिनसलं.

मुलीने आपला नवा खेळ आणला होता, संपूर्ण तिचा. मोठ्या कागदावर कोळशाने उंदीर काढते, समोर ताट, ताटात मोदक. कागदावर ओढणी टाकते, काढते, तर ताट रिकामं आणि उंदराचं पोट टम्म. रेषा अशी सुरेख की युक्तीआधी चित्रालाच दाद द्यावी. ओढणी निघाली आणि काकांनी हसत हसत, दोन वाक्यांत, सगळ्यांसमोर युक्ती सांगून टाकली. बरोबर सांगितली.

मुलीने कागद गुंडाळला. "हो काका, तसंच आहे." सेव उसळ न खाता गेली.

काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. ही आम्हा सगळ्यांची खोड. खेळ बघताना बघणारा बाजूला होतो आणि आतला परीक्षक पुढे येऊन उत्तर द्यायला बसतो. पण ओळखणं ही फार स्वस्त गोष्ट आहे. चार पुस्तकं वाचली की पाच खेळांतले तीन ओळखता येतात. ती गेल्यावर उस्ताद एवढंच म्हणाले, "काका, पकड़ने का क्या है, वो तो पब्लिक भी पकड़ लेती है." आणि सेव उसळीत लिंबू पिळत राहिले.

३ ऑगस्ट, रविवार

ती आली नाही. फोन उचलला, परीक्षा आहे म्हणाली. परीक्षा नाही हे तिलाही माहीत आणि मलाही.

काका आज दोराचा खेळ दोनदा चुकले.

१० ऑगस्ट, रविवार

वाड्यात पहिली तालीम. मुलगी आली. काकांनीच फोन केला होता. माफी वगैरे मागितली नाही, तसं त्यांना येतही नाही. म्हणाले, "बेटा, वरती सज्जात उभी राहून माझा दोर बघशील? वरून मला आजपर्यंत कुणी पाहिलेलंच नाही."

काकांचा तीन दोरांचा खेळ: लहान, मध्यम, मोठा असे तीन, ते एकाच लांबीचे होतात आणि परत वेगळे. समोरून निर्दोष. मुलगी वर गेली, डावीकडून बघितलं, मग उजवीकडून, मग जिन्याच्या तोंडाशी बसून. खाली आली आणि एकेक सांगितलं. उजव्या सज्जातून मूठ उघडी पडते. जिन्यावरून दोराचं टोक एक क्षण जास्त दिसतं. समोरच्या सज्जातून काही दिसत नाही, पण मधे एकदा काका स्वतःच्या हाताकडे बघतात आणि तिथे शंका येते.

तिसरी गोष्ट ऐकून काका जागीच बसले. इतकी वर्षं हा खेळ करतायत. घरच्यांनी टाळ्या वाजवल्या, बँकेतल्यांनी वाजवल्या, आरशाने तर काय, नेहमीच वाजवल्या. आरसा समोरच असतो आणि आरशात बघताना नजर हाताकडे जाते की नाही हे त्याच नजरेला कसं कळणार?

मग तिचा उंदीर. काका स्वतः गुडघे धरत जिना चढून वर गेले. उतरल्यावर युक्तीबद्दल एक अक्षर नाही. "ओढणी काढताना तू कागदाच्या डावीकडे उभी राहतेस, त्या बाजूच्यांना मोदक गेलेला उशिरा दिसतो. अर्धं पाऊल मागे घे."

रात्री वहीत आमच्या बैठकीसाठी लिहून ठेवलं: खेळ झाल्यावर 'कसं केलं' विचारायचं नाही. सांगायचं ते इतकंच की कुठे दिसलं, कुठे शंका आली, कुठे कंटाळा आला. यातलं तिसरं सांगायला सर्वात जास्त धैर्य लागतं. आणि बघणाऱ्याने खेळणाऱ्याला सर्वात गैरसोयीची जागा स्वतः शोधून तिथे बसायचं. बाहेरचा प्रेक्षक चांगली जागा शोधतो. वाईट जागी आपल्यासाठी फक्त आपलं माणूस बसतं.

उस्तादांना या जागेची काहीच अडचण नाही. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर चारी बाजूंनी वेढलेल्या गर्दीत खेळ केला. परदेशी कप उंच, पेल्यासारखे. यांच्या कटोऱ्या उथळ, वर छोटी दांडी, ती दोन बोटांच्या फटीत धरून उचलायची. कापडाच्या गोळ्या. मांडी घालून बसायचं, हात जमिनीलगत. उभ्या माणसाच्या खेळाला जो सज्जा नडतो तोच बसलेल्याच्या खेळासाठी उत्तम जागा. खालच्या मागच्या रांगांना दिसावं म्हणून चौरंगावर बसवायचं ठरलं. रंगमंचाचे पाठ आम्ही पुस्तकांतून घेतले आणि जागा निघाली त्यांच्या वडिलांच्या ओळखीची. चेष्टेतला उस्ताद आज संपला.

१७ ऑगस्ट, रविवार

माझा खेळ ठरला: तारखेवरून वार. कुणीही जन्मतारीख सांगावी, लग्नाची सांगावी, मी वार सांगते. कोनाची भीती नाही, खिशाची गरज नाही. (शिंप्याचे पैसे गेले ते गेले. जाकीट छान झालंय.)

पद्धत गुप्त नाही. जॉन कॉनवे या गणितज्ञाने १९७३ मध्ये ती मांडली. कुठल्याही वर्षी ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर आणि १२ डिसेंबर या तारखा एकाच वारी येतात. यंदा तो शुक्रवार. वर्षाचा हा वार मनात काढता आला की बाकीच्या तारखा त्याच्या आगेमागे मोजायच्या. १९४७ चा वार शुक्रवार, म्हणून ८ ऑगस्ट शुक्रवार आणि १५ ऑगस्टही शुक्रवार. वर्गात मुलांना शिकवते, आठवीतली पोरंही करतात.

उस्तादांची तक्रार तीच: "ये तो हिसाब है." यावर तास गेला, आणि सगळ्या तयारीतला हाच तास मला सर्वात उपयोगी पडला.

मी तारीख ऐकायचे, डोळे वर, ओठ किंचित हलायचे, उत्तर. अचूक. मुलगी म्हणाली, "ताई, तुम्ही परीक्षा देताय असं वाटतं." उस्ताद म्हणाले, माणूस लग्नाची तारीख सांगतो तेव्हा तो तुम्हाला आकडा देत नाही, आपला दिवस देतो. त्याच्याकडे बघा. विचारा, पाऊस होता का, मांडव कुठे होता. तो आठवायला लागला की तुमचं हिसाब होऊन जातं आणि ओठ हलवायला वेळच उरत नाही. मग सांगा, जणू तुम्हीही जेवणावळीत होतात.

काकांनी वेगळं टोक धरलं. स्पेनचे जादूगार हुआन तामारीस यांचा विचार त्यांना पाठ आहे: प्रेक्षक मनात ज्या खोट्या उत्तरांकडे वळेल त्या वाटा आधीच एकेक करून बंद करायच्या. इथल्या वाटा कुठल्या? 'तारखा पाठ आहेत', म्हणून आयत्या वेळी मागायच्या. 'माणूस फोडलाय', म्हणून सज्जातल्या कुणाकडून तरी एक घ्यायची. 'कानात यंत्र आहे', म्हणून केस मागे बांधायचे. 'गणित आहे' ही वाट बंद करायची का? मी नको म्हटलं. ती खरी आहे, राहू दे. काकांना पटलं नाही, अजूनही पटलेलं नाही.

सुरुवात १ मे १९६० ने करणार. रविवार. महाराष्ट्र आणि गुजरात एकाच दिवशी वेगळे झाले ती तारीख बडोद्याच्या मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

पूर्ण तालीम. क्रम: काकांचे दोर, उंदीर, तारखा, उस्ताद शेवटी. पन्नास मिनिटं होतायत. निवेदन कापलं, माझं निम्म्यावर.

शेवटी माईक कुणाकडे, यावर चर्चा. काकांनी जादूगार पी. सी. सरकारांचा १९५६ चा प्रसंग काढला. बीबीसीच्या पॅनोरमा या टीव्ही कार्यक्रमात मुलीला करवतीने कापल्यावर ती हलेना, तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिम्बलबी यांनी पुढे येऊन कार्यक्रम संपल्याचं सांगून टाकलं आणि मुलगी खरंच मेली असं समजून लोकांनी फोनचा भडिमार केला. सरकारांना त्याचा फायदाच झाला. आम्हाला होणार नाही. उस्तादांची शेवटची कटोरी उचलून होईपर्यंत माईक चिटणिसांच्या हाती लागू द्यायचा नाही, ही जबाबदारी माझ्याकडे.

३० ऑगस्ट, शनिवार

आरती लांबली, पंचवीस मिनिटं उशिरा सुरुवात. सज्जा गच्च, जिन्यावर पोरं.

काकांचे दोर स्वच्छ. हाताकडे एकदाही बघितलं नाही. जिन्यावरचा एक मुलगा "दिसलं, दिसलं" ओरडला. काय दिसलं विचारल्यावर "दोर" म्हणाला.

उंदराला सर्वात मोठा आवाज. चित्र कुणी घ्यायचं यावरून नंतर भांडण झालं.

तारखा. १ मे ठीक. दोन वाढदिवस ठीक. मग खालून एक मावशी: १९ मे १९८३, लग्न. उस्तादांनी सांगितल्याप्रमाणे विचारलं, ऊन होतं का? "अगं, भयंकर!" मी म्हटलं, गुरुवार. मावशी ठाम: "नाही, शुक्रवार." चौक गप्प. हिशोब परत केला, गुरुवारच. शेजारी बसलेल्या काकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, विचारलं तर ते म्हणाले, "ती म्हणते तो वार." हशा चालू असतानाच वरच्या सज्जातून त्यांची बहीण ओरडली, "गुरुवारच होता! शुक्रवारी पूजा होती, तू झोपली होतीस!" पुढची दोन मिनिटं मी नुसती उभी. बरोबर उत्तराला इतकी टाळी मला वर्गात कधी मिळालेली नाही. गंमत म्हणजे त्यानंतर मला कुणी वार विचारेना, एकमेकांनाच विचारायला लागले.

उस्ताद चौरंगावर बसले. त्यांचं वर्णन मी करणार नाही. शेवटची कटोरी उचलली तेव्हा खाली मोदक होता, आणि उंदराच्या चित्राकडे बघून ते म्हणाले, "इसने उगल दिया." तालमीत हे नव्हतं. दोघांनी आपसात ठरवलं होतं, आम्हा दोघांना पत्ता नव्हता. काका माझ्या शेजारी उभे होते. मला वाटलं आता युक्ती सांगतील. ते म्हणाले, "मजा आवी गई."

माईक वाचवला.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन, आज रात्री खग्रास चंद्रग्रहण. काकींकडे दुपारपासून सूतक, चहासुद्धा नाही. बैठक कोरडी आणि लवकर आटोपती.

हिशोब: उस्तादांचं मानधन पूर्ण मिळालं. लाकडी चौरंग परत केला. दोर नवे घ्यायला हवेत, मंगळबाजारातून, मऊ सुताचे. जुने मळलेत आणि सज्जातून मळ दिसतो असं मुलगी म्हणते.

उस्तादांना दिवाळीच्या सुमारास मकरपुऱ्यात एका सोसायटीचा मोठा शो आहे. त्यांना मदतनीस हवेत. काका पेटी धरणार, मुलगी पडदा रंगवणार. माझ्याकडे पाहून उस्ताद म्हणाले, "दीदी, आपके उस जाकीट में जेबें कितनी हैं?" आकडा सांगितला नाही. जाकीट मात्र येत्या रविवारी घेऊन जायचंय.